नावं ठेवणारी

लग्न होऊन नौपाड्यात आले त्या वर्षीच्या हळदीकुंकवाला शेजारच्या काकूंनी सासूबाईंना विचारलं, "सून काय करते हो ऑफिसात?" सासूबाई अडखळल्या. इंटरनेटचं काहीतरी करते, एवढंच त्यांना माहीत. मी तिळगुळाची ताटली फिरवत होते, तिथूनच म्हणाले, "नावं ठेवते." बायका हसल्या. सासूबाई हसल्या नाहीत. रात्री त्यांना नीट सांगितलं की मी डीएनएस सांभाळते, म्हणजे कंपन्यांची नावं आणि त्यांचे इंटरनेटवरचे पत्ते यांची वही ठेवते, आणि त्यांचे मेल जातायत-येतायत ना ते बघते. "मग तसं सांगायचं ना," त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांनी मला वाटतं, पहिलं उत्तरच जास्त बरोबर होतं.

आमची कंपनी छोटी आहे. महापे, रबाळे, तुर्भे या पट्ट्यातल्या कारखान्यांना आणि वागळे इस्टेटमधल्या काही गाळ्यांना आम्ही इंटरनेट देतो. ऑफिस महाप्याला, सर्व्हर ऐरोलीच्या एका डेटा सेंटरमध्ये, भाड्याच्या अर्ध्या रॅकमध्ये. सकाळी ठाण्याच्या नऊ-दहा नंबरवरून वाशी किंवा पनवेल पकडायची, घणसोलीला उतरून रिक्षा. बसायला मिळालं तर ऐरोली येईपर्यंत रात्रीचे अलर्ट वाचून होतात. फायबर तुटली असेल तर मी निश्चिंत असते. कुठेतरी जेसीबीने खणलेलं असतं, स्प्लायसिंगची मुलं धावतात, दोन-तीन तासांत दिवा हिरवा. नावाची भानगड तशी दिसत नाही. लिंक वर, पिंग जातोय, सगळे दिवे हिरवे, आणि गिऱ्हाईक फोनवर सांगतंय, "मॅडम, काहीच चालत नाही."

एकेकाळी सगळ्या नेटवर्कची नावं एका फाइलमध्ये मावत होती. अर्पानेटच्या, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजाच्या, दिवसांत कॅलिफोर्नियातल्या एसआरआय या संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइनलर आणि त्यांचे सहकारी ती फाइल सांभाळायचे. नवा संगणक जोडला की त्यांना कळवायचं, त्या यादीत चढवणार, मग बाकीच्यांनी ती यादी उतरवून घ्यायची. या बाईंबद्दल मला उगाच आपुलकी वाटते. आमच्या धंद्यातल्या ह्या पहिल्या नावं ठेवणाऱ्या. पुढे संगणक वाढले, यादी पुरेनाशी झाली, आणि १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली. एकच वही नको. ज्याची नावं त्याने ठेवावीत, वरच्याने फक्त खालची वही कोणाकडे आहे तेवढं सांगावं. तहसीलदाराला प्रत्येकाचा सातबारा पाठ नसतो, कुठल्या सज्जाला कोण तलाठी ते माहीत असतं, तसं. चाळीस वर्षं उलटून गेली, अजून तेच चालू आहे.

मी या वहीत पहिली मोठी चूक केली ती २००६ मध्ये, नोकरीला लागून सहा महिने झाले होते तेव्हा.

त्या वेळी झोन फाइल, म्हणजे एकेका कंपनीच्या नावांची वही, हाताने लिहायचो. पूर्ण नाव लिहिलं की शेवटी एक टिंब द्यायचं असतं. टिंब दिलं म्हणजे नाव संपलं. नाही दिलं तर सर्व्हरला वाटतं हे अर्धंच आहे, आणि तो आपणहून पुढे कंपनीचं नाव जोडतो. तुर्भ्याच्या एका औषध कंपनीचा मेल सर्व्हर बदलायचा होता. शुक्रवारची संध्याकाळ, मला सहा चाळीसची लोकल गाठायची होती, आणि मी ते टिंब विसरले. त्यांच्या मेल सर्व्हरचं नाव झालं मेल डॉट कंपनी डॉट कॉम डॉट कंपनी डॉट कॉम. पाकिटावर 'ठाणे, ठाणे' लिहिलं तर पोस्टमन समजून घेतो. संगणक घेत नाही. गंमत म्हणजे फाइलचा सिरियल, म्हणजे खेपेचा नंबर, मी इमानदारीने वाढवला होता: वर्ष, महिना, तारीख आणि त्या दिवसाची कितवी खेप, असे दहा आकडे. तो वाढवायला विसरले असते तर निम्मी लाज तरी वाचली असती. वहीची नक्कल ठेवणाऱ्या दुसऱ्या सर्व्हरला वही बदलल्याचं कळलंच नसतं, आणि तो जुनं, बरोबर उत्तर देत बसला असता.

शनिवारी अकराला फोन सुरू झाले. आमच्या सरांनी फाइल उघडली, कर्सर ओळीच्या टोकाला नेला, एक टिंब दिलं, सिरियल एकने वाढवला, सर्व्हर रिलोड केला. अर्ध्या मिनिटाचं काम.

"झालं?" मी विचारलं.

"आपल्याकडे झालं," सर म्हणाले.

त्या 'आपल्याकडे'चा अर्थ कळायला मला पुढचा अख्खा दिवस लागला. प्रत्येक नावाबरोबर एक टीटीएल असतो, हे उत्तर किती वेळ लक्षात ठेवायचं त्याचा आकडा. आमचा होता ८६४०० सेकंद, म्हणजे चोवीस तास. शुक्रवार रात्रीपासून जगात ज्या ज्या सर्व्हरने हे नाव विचारलं, त्या सगळ्यांनी माझी चूक दिवसभरासाठी पदरात बांधून घेतली होती. त्यांना फोन करून "विसरा" म्हणता येत नाही. ते कोण, कुठले, हेच ठाऊक नसतं. त्यात 'असं नावच नाही' हे उत्तरदेखील सर्व्हर साठवून ठेवतात. १९९८ च्या एका आरएफसीत, म्हणजे इंटरनेटच्या नियमपत्रिकेत, त्याचे रीतसर नियम आहेत. नकारसुद्धा जपून ठेवतात हे मला तेव्हा कळलं. काही ठिकाणचे मेल रांगेत थांबून पुन्हापुन्हा येऊन बघत होते, चार-पाच दिवस धीर धरायची मेल सर्व्हरची रीत आहे. काही मात्र पाठवणाऱ्याकडे लगेच परत गेले होते. औषध कंपनीचे मॅनेजर दर तासाला विचारायचे, "तुम्ही नक्की काय करताय?" आम्ही काही करत नव्हतो. करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. घरीही जाववत नव्हतं. सरांनी वडापाव मागवले आणि आम्ही चोवीस तास संपायची वाट बघत बसलो.

तेव्हापासून कुठलाही बदल असला की मी दोन दिवस आधी टीटीएल ३०० वर आणते. आणि शुक्रवारी संध्याकाळी कोणाच्या नावाला हात लावत नाही.

स्पॅमचं म्हणाल तर लोकांना ती अलीकडची घाण वाटते. जॉन पोस्टेल यांनी नोव्हेंबर १९७५ मध्येच एका छोट्याशा टिपणात लिहून ठेवलं होतं की नको त्याचा मेल नाकारायची सोय संगणकाकडे असायला हवी. मग ३ मे १९७८ ला डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थुर्क नावाच्या विक्रेत्याने नव्या संगणकांच्या प्रात्यक्षिकाचं आमंत्रण अर्पानेटवरच्या जवळपास चारशे जणांना एकदम धाडलं, आणि लोक भडकले. चारशे! आज मला एखाद्या सर्व्हरवरून फक्त चारशे नको असलेले मेल आले तर मी तो बंद पडला की काय ते बघायला उठेन.

आता येतं त्यातलं बरंचसं दारातूनच परत जातं, त्याची मला फारशी चिंता नाही. मला भीती वाटते ती एकट्या-दुकट्या, सभ्य मेलची. महाप्याच्या एका केमिकल युनिटच्या अकाउंटंट बाईंना सप्लायरचा मेल आला: आमचं बँक खातं बदललं आहे, यापुढचे पैसे नव्या खात्यात टाकावेत. खाली आधीचा सगळा पत्रव्यवहार, लोगो, सही, सगळं जागच्या जागी. फक्त डोमेनच्या नावात रोमन 'एम'च्या ठिकाणी 'आर' आणि 'एन' चिकटून बसलेले. मी स्क्रीन मोठा करून दाखवलं तेव्हा त्यांना दिसलं. पण बाईंनी पैसे पाठवलेच नव्हते, आधी सप्लायरला फोन लावला होता. मी विचारलं, शंका कशी आली? म्हणाल्या, "अहो, तो माणूस आयुष्यात इतकं गोड लिहीत नाही." इतका चांगला फिल्टर आमच्या रॅकमध्ये नाही.

ठाण्यातल्या एका क्लासचं तर डोमेनच हातचं जाता जाता राहिलं. नूतनीकरणाच्या तीन सूचना आल्या होत्या. तिन्ही स्पॅममध्ये.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट जरा सविस्तर सांगते. रबाळ्याला एक काका आहेत, मूळचे सांगलीकडचे, व्हॉल्व्हचे सुटे भाग बनवतात. गाळ्यात अकरा माणसं, दोन सीएनसी, तीन जुने लेथ. मेल सर्व्हर म्हणजे पुतण्याने बसवून दिलेला एक पीसी, ऑफिसात गणपतीच्या फोटोखाली. काका खूश असले की मला ताई म्हणतात, रागावले की मॅडम. त्या दिवशी फोन उचलल्या उचलल्या ऐकू आलं, "मॅडम, तुमच्या इंटरनेटपायी माझं कोटेशन जर्मनीहून परत आलंय."

बाउन्स, म्हणजे परत आलेल्या मेलसोबतची चिठ्ठी, वाचला. ५५० चा नकार, सोबत कारण: हा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, ब्लॅकलिस्टवर आहे.

या ब्लॅकलिस्ट, म्हणजे स्पॅम सोडणाऱ्या पत्त्यांच्या काळ्या याद्या, डीएनएसवरच चालतात. पॉल व्हिक्सी आणि मंडळींनी १९९७ मध्ये ही पद्धत सुरू केली. ज्या पत्त्याबद्दल संशय आहे तो उलटा लिहायचा, त्यापुढे यादीचं नाव जोडायचं, आणि असं नाव आहे का म्हणून विचारायचं. उत्तरात १२७.०.०.२ सारखा पत्ता आला तर गडी यादीत. 'असं नाव नाही' आलं तर सुटलो. माझ्या अख्ख्या कामात, वहीत नाव न सापडल्याचा आनंद व्हावा अशी ही एकच जागा. काकांचा आयपी दोन याद्यांत होता.

आधी मला वाटलं जुनी उधारी असेल. आयपीव्ही४ चे, म्हणजे जुन्या पद्धतीचे, पत्ते संपत आले, आपल्या भागाला पत्ते वाटणाऱ्या एपनिककडचा साठा एप्रिल २०११ मध्येच शेवटच्या गठ्ठ्यावर आला. तेव्हापासून पत्ते फिरून फिरून वापरात येतात. आधीच्या माणसाने त्यावरून काय दिवे लावले ते नव्याला ठाऊक नसतं. भाड्याच्या फ्लॅटमध्ये सामान लावून होत नाही तोवर जुन्या भाडेकरूच्या कर्जाच्या वसुलीला माणसं यावीत, तसं. पण हा पत्ता सहा वर्षं काकांकडेच होता. म्हणजे चोर घरातला.

रिक्षा करून गेले. बाहेर धो धो पाऊस, आत कुलंट ऑइल आणि ओल्या लोखंडाचा वास. अकाउंट्सचा पीसी तपासला, पुतण्याचा लॅपटॉप तपासला, मेल सर्व्हर तपासला. सगळे स्वच्छ. मग आमच्याकडचे लॉग, म्हणजे ट्रॅफिकच्या नोंदी, काढले. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या आदेशापासून लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. डिस्कच्या खर्चावरून आमचे मालक दर महिन्याला कुरकुरतात, इथे त्याच लॉगनी तारीख दिली: तीन आठवड्यांपूर्वीपासून, रोज मध्यरात्रीनंतर, या गाळ्यातून २५ नंबरच्या पोर्टवर, म्हणजे मेलच्या दारातून, बाहेर नुसता धो धो ट्रॅफिक. काकांच्या राउटरमध्ये शिरून बघितलं, कुठलं यंत्र आहे. केबल धरून धरून मी आणि पुतण्या मीटरच्या पेटीपर्यंत पोचलो. पेटीवर, धुळीत, सीसीटीव्हीचं चित्रण साठवणारा डबा, डीव्हीआर, लुकलुकत होता. बसवणाऱ्याने दिलेला पासवर्ड कधी बदललाच नव्हता. बाहेरून कोणीतरी आत शिरून त्याला कामाला लावलं होतं.

"चोरांवर नजर ठेवायला बसवला होता हा," काका म्हणाले. "रात्री करत काय होता?"

"मेल टाकत होता. हजारोंनी."

"कसले?"

"औषधांचे."

"कसल्या औषधांचे?"

मी पुतण्याकडे बघितलं, पुतण्याने छताकडे. काकांनी पुढे विचारलं नाही.

डीव्हीआरची वायर उपटली. राउटरवर २५ नंबरचा पोर्ट मेल सर्व्हरखेरीज सगळ्यांना बंद केला. हे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं, आणि दुसरी एक गोष्ट तर आमच्याच कंपनीकडून राहिली होती. काकांच्या पत्त्याला रिव्हर्सची नोंदच केलेली नव्हती. हे मी त्यांना सांगितलं, पण आवाज जरा खाली आणून.

"रिव्हर्स म्हणजे?"

एक मेल सर्व्हर दुसऱ्याच्या दारात गेला की पहिल्यांदा 'हेलो' म्हणतो आणि आपलं नाव सांगतो. ही आज्ञा खरोखरच 'हेलो' आहे, स्पेलिंग थोडं वेगळं. आतला म्हणतो, नाव कळलं, पण ज्या पत्त्यावरून आलास त्या पत्त्यावर पाटी कोणाची आहे ते बघू. ती पाटी म्हणजे रिव्हर्स. बघताना पत्ता उलटा करावा लागतो, कारण नाव आपण टपालासारखं लिहितो, आधी माणूस, मग घर, मग गाव. आयपीचा पत्ता मात्र पिनकोडसारखा मोठ्याकडून लहानाकडे येतो. पिनकोड श्रीराम भिकाजी वेलणकरांचा, १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू. ठाण्याच्या ४००६०१ मधला पहिला ४ म्हणजे देशाचा हा पश्चिमेकडचा विभाग, आणि शेवटचे तीन आकडे थेट पोस्ट ऑफिसपर्यंत नेऊन सोडतात. दोन उलट्या वाटा जुळवायच्या तर एकीला फिरवून घ्यावंच लागतं. काकांनी हे सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे उंबऱ्यात अडवून नाव घ्यायला लावतात."

याहून चांगलं मी वीस वर्षांत कोणाला समजावू शकलेले नाही.

पाटी लावली. एसपीएफची ओळ लिहिली, म्हणजे काकांच्या कंपनीच्या नावाने कुठले कुठले सर्व्हर मेल पाठवू शकतात ते जाहीर केलं. डीकेआयएमची किल्ली बनवून डीएनएसमध्ये ठेवली, म्हणजे प्रत्येक मेलवर सही होईल आणि कोणालाही ती ताडून बघता येईल. डीमार्क लावला, म्हणजे या तपासण्यांत नापास झालेल्या मेलचं काय करायचं ते सांगून ठेवलं. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने ढिगाने मेल पाठवणाऱ्यांना (गूगलच्या लेखी दिवसाला पाच हजार किंवा जास्त) हे तिन्ही सक्तीचं केलं, आणि तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्याच्या आत ठेवायला सांगितलं. त्या वर्षीचा माझा जानेवारी पतसंस्था आणि क्लासवाल्यांच्या एसपीएफ ओळी दुरुस्त करण्यात गेला. पगाराचं सॉफ्टवेअर म्हणतं आमचं नाव घाला, एसएमएसवाला म्हणतो आमचंही घाला, न्यूजलेटरवाला आहेच. एका ओळीपोटी डीएनएसला फक्त दहा वेळा विचारणा चालते. अकरावा पाहुणा आला की पंगतच उठते, आधीचे दहा कितीही सज्जन असोत. काकांच्या ओळीत एकच नाव होतं. फार सुंदर दिसत होती ती ओळ.

मग याद्यांकडे अर्ज. पहिल्या यादीने चार तासांत नाव काढलं. दुसरीने विचारलं, नक्की काय झालं होतं आणि पुन्हा होणार नाही कशावरून? मी डीव्हीआरची हकीकत लिहिली. औषधांचं गाळलं. काही यादीवाले लवकर नाव काढायचे पैसे मागतात, त्यांना द्यायचे नाहीत ही सरांची शिकवण. सर निवृत्त झाले, मी ती पाळते.

"आज जाईल ना कोटेशन?" काका दुपारी.

"उद्या बघू."

"मॅडम, चूक सापडली, काढली. अजून कसली शिक्षा?"

माझ्याकडे शनिवारच्या वडापावइतकंच उत्तर होतं. दुसऱ्या यादीने दोन दिवस घेतले. त्यानंतरही जर्मनीच्या सर्व्हरने पहिल्या खेपेला ४५१ दिला: आत्ता नको, थोड्या वेळाने या. याला ग्रेलिस्टिंग म्हणतात. इव्हान हॅरिस यांची २००३ मधली कल्पना, आणि साधी आहे. स्पॅमवाला एकदा दार वाजवून पुढच्या दारी पळतो, खरा माणूस परत येतो. अनोळख्याला थोडं ताटकळत ठेवलं की दोघांतला फरक कळतो. काकांचा सर्व्हर पाच मिनिटांनी परत गेला, परत ४५१. मी लॉग उघडा ठेवून बसले होते. मध्येच काकांनी सांगितलं की पुतण्याने कोटेशन त्याच्या खासगी मेलवरून केव्हाच पाठवलंय आणि जर्मनीवाल्याने ते मिळाल्याचं कळवलंही आहे. पण त्यांना ते कंपनीच्या नावाने जायला हवं होतं. "तीस वर्षं झाली हे नाव चालवतोय," ते म्हणाले.

गुरुवारी चार वाजून गेल्यावर लॉगमध्ये ओळ पडली: २५०. घेतला. मी लगेच फोन लावला. मागे तिन्ही लेथ चालू होते, काका ओरडून बोलत होते.

"गेला काका. जर्मनीने घेतला."

"म्हणजे नाव साफ?"

"साफ."

"बरं झालं, ताई!" मग आणखी मोठ्याने, "आणि तो कॅमेऱ्याचा डबा पुतण्याने पुन्हा लावला बरं का, तुम्ही सांगितलं तसं करून. पासवर्ड बदललाय. एकदम अवघड ठेवलाय, कोणाच्या बापाला कळणार नाही. लिहून घ्या, सांगतो..."

"काका, नको! फोनवर नको!"

"आं? ऐकू येत नाही हो," काका म्हणाले, आणि कामगारांकडे वळून ओरडले, "अरे, मशिन बंद करा जरा दोन मिनिटं!"

एकेक करून तिन्ही लेथ थांबले.